प्रेमकादंबऱ्या : नावे आणि जमा

मराठीत टीका करण्याला 'नावे ठेवणे' म्हणतात आणि बँकेत खात्यातून रक्कम वजा करण्याला 'नावे टाकणे' म्हणतात. दोन्ही व्यवहार भाषेने एकाच शब्दात उरकले, यात तिचं शहाणपण दिसतं. टीकाकार म्हणजे तरी कोण? ज्याच्या वहीत 'जमा' हा रकाना छापायचा राहून गेला आहे, असा हिशेबनीस!

आणि प्रेमकादंबरी समोर आली की या हिशेबनिसाच्या पेनाला ऊत येतो. ऐतिहासिक कादंबरीला तो वाकून नमस्कार करतो, ग्रामीण कादंबरीच्या पायाची माती कपाळाला लावतो, प्रयोगशील कादंबरी कळली नाही तर दोनदा वाचतो आणि दुसऱ्यांदाही कळली नाही तर तिला पुरस्कार देतो. प्रेमकादंबरी मात्र पहिल्याच वाचनात कळते, हा तिचा पहिला गुन्हा. आणि ती पुष्कळ लोक वाचतात, हा दुसरा. डॉक्टर ज्या आवाजात 'साखर' म्हणतात, त्याच आवाजात आमचे समीक्षक 'लोकप्रिय' म्हणतात.

सुदैवाने प्रेमकादंबरी समीक्षकांसाठी लिहिलेली नसते. तिचे खरे समीक्षक वाचनालयाच्या प्रतीत, समासात राहतात. खाकी कव्हर घातलेल्या, दोऱ्याने पुन्हा शिवलेल्या त्या प्रती आठवून पाहा. पहिल्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं असतं, 'छान आहे.' खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'काही छान नाही.' त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात, 'दोघेही गप्प बसा. पान ११२ वाचा.' आपण उत्सुकतेने पान ११२ उघडावं, तर ते फाडून नेलेलं! इतकी निर्भीड आणि बिनमानधनाची समीक्षा दुसरीकडे वाचायला मिळणार नाही. तिच्यात 'आशयाची अंगभूत अपरिहार्यता' वगैरे भानगड नसते. 'नायक मूर्ख आहे' एवढंच असतं. आणि खरं सांगायचं तर नायक बहुधा मूर्खच असतो.

अशाच जातीची समीक्षा आमच्या शाखेत दुपारी डब्याबरोबर चालते. सर्व्हरची लिंक गेली, तर डब्याआधी आणि डब्यानंतरही चालते. वाचनालयाची वर्गणी आम्ही पाच जण मिळून भरतो. ज्याची पाळी असेल त्याने पुस्तक आणायचं, आणि पाच घरांतून फिरून ते परत जायचं. याची नोंद ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. एका जुन्या लेजरची मागची पानं कोरी होती, त्यावर मी रकाने आखले : पुस्तकाचं नाव, कोणाकडे, किती दिवस, शेरा.

समीक्षकांची ओळख करून द्यायला हवी. बँकेत माणसाला नाव नसतं, टेबल असतं. 'गोल्डलोनची दाढ दुखतेय', 'क्लिअरिंगचं लग्न ठरलं', 'लॉकरला मुलगा झाला' अशी वाक्यं आम्ही न हसता बोलतो. तेव्हा आमच्या मंडळात आहेत कॅशचे अण्णा, गोल्डलोनचे तात्या, क्लिअरिंगची मुलगी, लॉकरच्या बाई आणि ठेवी सांभाळणारा मी.

या वर्षी फक्त प्रेमकादंबऱ्या वाचायच्या असं ठरलं, त्याला कारण क्लिअरिंगची मुलगी. लग्न तिचंच ठरलं होतं. मुलगा तीनदा भेटलेला, तिन्ही वेळा हॉटेलात, आणि तिन्ही वेळा बिल त्याने दिलेलं. ती म्हणाली, "प्रेमात माणसं नक्की करतात तरी काय, ते एकदा बघून ठेवते."

अण्णा म्हणाले, "म्हणजे सही केल्यावर फॉर्म वाचायला घेतलास म्हण की!"

पण पुस्तक आणायची पाळी अण्णांचीच होती, आणि त्यांनी पहिल्याच खेपेला चंद्रकांत काकोडकर आणले.

काकोडकर हे आमच्या वडिलांच्या पिढीत कपाटात न ठेवता गादीखाली ठेवायचे लेखक होते. त्यांची 'श्यामा' नावाची कथा 'रंभा'च्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिलं. कथा अश्लील नाही असं न्यायमूर्तींनी सांगितलं. थोर आहे असं मात्र म्हटलं नाही. अण्णांच्या मते मराठी समीक्षेत ज्याच्यावर अपील नाही असा हा एकच निकाल. त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला आणि जोरात चालला. एकाच वर्षात निर्दोष आणि हाउसफुल्ल होण्याचं भाग्य किती लेखकांच्या नशिबी येतं?

अण्णा ओल्या स्पंजवर बोट टेकवून, नोटा मोजाव्यात त्या वेगाने पानं उलटतात. त्यांचा प्रेमकादंबरीवरचा आक्षेप शुद्ध आर्थिक आहे. "नायकाचा पगार किती, ते हे लोक कधीही लिहीत नाहीत," ते म्हणाले. "फुलं आणतो, टॅक्सी करतो, महाबळेश्वरला जातो. जाऊ दे. पण रजा कुठली टाकतो? ती आजारी पडली की हा आठ दिवस तिच्या उशाशी. आपल्याकडे असता तर नवव्या दिवशी तिच्या आजारपणाचा दाखला याला मागितला असता!"

हसण्यावारी नेऊ नये असा हा मुद्दा आहे. प्रेमकादंबरीत सगळ्यात महाग वस्तू कोणती, तर वेळ. हिरे, मोटारी, बंगले ही नुसती सजावट. नायक श्रीमंत दाखवतात तो पैशासाठी नव्हे, तर साडेदहा वाजता त्याला कुठे हजर व्हायचं नाही, हे वाचकाला पटावं म्हणून. अण्णांनी पगार विचारला. खरा प्रश्न हजेरीपुस्तकाचा होता.

तात्यांची दृष्टी वेगळी. सोनं तारण ठेवून घ्यायच्या टेबलावर वीस वर्षं काढलेला माणूस कुठलीही गोष्ट आधी कसोटीवर घासतो. ते फडके आणि खांडेकर एकदम घेऊन बसले. ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या कशा लिहाव्यात हे सांगणारं 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये लिहिलं. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते १९७४ सालचं, खांडेकरांना. एकाचं म्हणणं कला कलेसाठी, दुसऱ्याचं कला जीवनासाठी. या भांडणावर महाराष्ट्रात एके काळी जेवढी शाई सांडली तेवढ्या शाईत आमच्या शाखेची शंभर वर्षांची चलनं भरून झाली असती.

तात्यांनी ते भांडण दोन घासांमध्ये मिटवलं. "फडक्यांची घडणावळ बघा," ते म्हणाले. "सांधा कुठे दिसणार नाही. पण सोनं बावीस कॅरेटला जरा कमी भरतं. खांडेकरांचं सोनं चोवीस कॅरेट, वादच नाही. पण चोवीस कॅरेटचा दागिना करू नये. वाकतो."

समीक्षेची जाड पुस्तकं मी पाहिली आहेत. इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं त्यांतल्या एकाही पुस्तकाने सांगितलेलं नाही.

क्लिअरिंगच्या मुलीने दोन पुस्तकं आणली, दोन्ही इंग्रजी. एक मिल्स अँड बूनचं. हे नाव दोन भागीदारांचं आहे. १९०८ साली लंडनमध्ये त्यांनी दुकान काढलं तेव्हा ते सगळ्या प्रकारची पुस्तकं छापत. प्रेमात ते मागाहून पडले आणि मग त्यातून बाहेर आलेच नाहीत. दुसरं पुस्तक जेन ऑस्टिनबाईंचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३ सालचं. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, एवढं सांगितलं म्हणजे काळाचा अंदाज येईल.

तात्यांनी मिल्स अँड बूनची चाळीस पानं वाचून पुस्तक मिटलं. "पुढचं सांगू? हा उंच, श्रीमंत, घुम्या आणि उद्धट आहे. ही गरीब आणि स्वाभिमानी. दोनशेव्या पानावर लग्न. अहो, शेवट आधीच कळला तर वाचायचं कशाला?"

हा प्रेमकादंबरीवरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लोकप्रिय आरोप. इथे मात्र ठेवींचा कारकून या नात्याने मला बोलावंच लागलं. मुदत ठेवीच्या पावतीवर तारीख आणि मुदतीअखेरची रक्कम दर्शनी भागावरच छापलेली असते. 'शेवट आधीच कळला' म्हणून आजवर एकाही खातेदाराने पावती परत केलेली नाही. उलट ती रक्कम अजून तिथेच आहे ना, हे बघायला काही आजीबाई दर महिन्याला येतात, चष्मा पुसून आकडा वाचतात आणि समाधानाने घरी जातात. शेवट ठाऊक असण्यात रस जात नाही. तो तिथपर्यंतच्या मुदतीत मुरत जातो. म्हणून तर शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांची मला कीव येते. ते मुदतीआधी ठेव मोडणारे लोक. त्यांना मुद्दल मिळतं, व्याज कापलं जातं.

तेव्हा शेवट कळतो की नाही, हा प्रश्नच गैरलागू. शेवट कमावलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे विचारावं. दीडशे पानं नायिकेला टाकून बोलणारा माणूस एकशे एकावन्नाव्या पानावर 'माझं तुझ्यावर पहिल्यापासून प्रेम होतं' म्हणतो आणि ती त्याच्या गळ्यात पडते, याला आम्ही कोऱ्या व्हाउचरवर सही घेणं म्हणतो. मधल्या नोंदी कुठे आहेत?

लॉकरच्या बाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या फारसं बोलतच नाहीत. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष उरलं आहे. लॉकर कसा उघडतो हे वाचकांना माहीत असेल : एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची. बँकेची किल्ली आधी फिरवायची, पण तिने काही उघडत नाही. मग बाई खोलीबाहेर येतात आणि पाठ करून उभ्या राहतात. इतकी वर्षं माणसांकडे सौजन्याने पाठ करून उभं राहिलेल्या बाईला ऐकू फार येत असावं.

पाचही पुस्तकं त्यांनी सगळ्यांच्या आधी वाचून संपवली होती. मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला कुठला नायक आवडला?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "तो डार्सी. का, ते सांगू? तो उंच आहे म्हणून नाही. तो तिला प्रश्न विचारतो आणि तिचं उत्तर संपेपर्यंत थांबतो."

कुणी काही बोललं नाही. अण्णांचा घास हातातच राहिला.

"एवढंच?" तात्या म्हणाले. "यात काय मोठंसं?"

"मोठं काही नाही," बाई म्हणाल्या. "आमचे हे चांगले आहेत. भाजी आणतात. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस स्वयंपाक केला. पण माझं वाक्य त्यांना पहिल्या शब्दावरून कळतं. मी 'उद्या' म्हटलं की ते म्हणतात, 'हो हो, गॅसवाला येणार आहे, ठाऊक आहे.' मला दुसरंच काही सांगायचं असतं. एकतीस वर्षांत माझं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत गेलेलं नाही बघा. गोष्टीतल्या बायकांचं जातं. ते बघायला मी वाचते."

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पासबुकावर शिल्लक वाचून दाखवावी तसं त्यांनी ते सांगितलं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "तुझा तो बोलतो छान, हे तू सांगितलंस. ऐकतो कसा?"

मुलगी पाण्याच्या बाटलीचं झाकण नुसतंच फिरवत राहिली. लिंक आली म्हणून आम्ही उठलो.

त्या दिवशी संध्याकाळी मी लेजरमध्ये 'शेरा'च्या शेजारी आणखी एक रकाना आखला : 'ऐकतो का?' आणि आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला. सांगायला आनंद वाटतो की साहित्य मोजायचं इतकं सोपं आणि इतकं कडक माप दुसरं नाही.

फडक्यांचे नायक-नायिका बोलतात सुरेख. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकदाही जाळ्यात अडकत नाही. पण टेनिस खेळणारा माणूस चेंडूकडे बघतो, समोरच्या माणसाकडे नाही. नायक ऐकतो ते परतवण्यापुरतं. रकान्यात मी 'काही अंशी' असं लिहिलं.

खांडेकरांची गोष्ट अधिक गंभीर. त्यांच्या माणसांना ऐकायला सवड नसते, कारण त्यांच्या ओठावर पुढचं सुभाषित तयार असतं. पण 'ययाति'त या दोषाचंच बळ झालेलं आहे. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघं आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात. कुणाला? वाचकाला. एकाच राजवाड्याशी, एकाच दुःखाशी बांधलेली तीन माणसं, आणि एकमेकांना सांगायच्या गोष्टी ती आपल्याला सांगत बसलेली असतात! एकाने जरी दुसऱ्याचं प्रकरण वाचलं असतं तरी निम्मी कादंबरी वाचली असती. ('वाचली' हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा.) रकान्यात 'नाही' लिहिलं, पण हे 'नाही' लेखकाच्या नावे न टाकता पात्रांच्या नावे टाकलं.

आणि डार्सी? बाई म्हणाल्या ते अर्धंच. पहिल्या भेटीपासून तो मुळीच ऐकत नाही. पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ती अशा थाटात, की नकार येईल ही शक्यताच त्याच्या हिशेबात नसते. एलिझाबेथ त्याला नकार देते, आणि का देते तेही नीट, कलमवार सांगते. तो चिडतो, पण ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी पत्र आणून देतो आणि निघून जातो. मागे लागत नाही, खिडकीखाली गाणी म्हणत नाही, विष घ्यायची धमकी देत नाही. तिने लावलेले आरोप तपासून पाहतो, जे खरे असतात त्यांची दुरुस्ती करतो. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा म्हणतो की, तुझं मत तेच असेल तर एका शब्दात सांग, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. अख्ख्या कादंबरीचं गुपित इथे आहे. नायिकेच्या 'नाही'ला किंमत आहे, म्हणून तिच्या 'हो'ला किंमत येते.

आमच्याकडच्या कित्येक कादंबऱ्या आणि त्यांवरून निघालेले सिनेमे नेमके इथे नापास होतात. ती 'नाही' म्हणते. हा ऐकत नाही. कॉलेजच्या दारात उभा राहतो, चिठ्ठ्या पाठवतो, मित्र पाठवतो, शेवटी ती थकून 'हो' म्हणते आणि पुस्तकावर 'हळुवार प्रेमकथा' असं छापतात. आमच्या खात्यात याला वसुली म्हणतात. थकलेल्या कर्जदाराने हप्ता भरला म्हणून त्याचं बँकेवर प्रेम बसलं, असं अजून एकाही शाखाधिकाऱ्याने समजून घेतलेलं नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. आमच्याकडे हे जमायला उशीर लागला, त्यात सगळा दोष लेखकांचा नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, संकटं, अद्भुत योगायोग. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे : आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीच अशा, की रोजच्या जगण्यातून मनोरंजक गोष्ट निघत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. एका लेखकाने अख्ख्या समाजावर केलेली ही टीका आहे, आणि बोचरी आहे. बरोबरच होतं त्यांचं! मुलगी आठ वर्षांची, मुलगा बारा वर्षांचा, दोघांच्या वडिलांनी हुंडा ठरवलेला. प्रश्न कोण विचारणार आणि उत्तर कोण देणार? जिला 'नाही' म्हणता येत नाही तिची प्रेमकथा लिहिता येत नाही. मग उडता घोडा आणावा लागतो.

पुढे १८९० पासून हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक'मधून एका बाईची कहाणी तिच्याच तोंडून क्रमशः सांगितली. तिला कुणी प्रेमकादंबरी म्हणत नाही. शेवट तर काळीज पिळवटणारा आहे. पण त्या यमुनेचे सुखाचे दिवस कोणते, तर नवरा तिला शिकवतो, तिच्याशी बसून बोलतो, तिचं म्हणणं विचारतो, ते थोडे दिवस. माझ्या रकान्यात स्वच्छ 'हो' मिळवणारा मराठीतला हा फार जुना नवरा. आणि आपट्यांनी पुस्तकाला नाव काय दिलं? 'पण लक्षात कोण घेतो?' लॉकरच्या बाईंचं सगळं भाषण चार शब्दांत, आणि तेही सव्वाशे वर्षांच्या वर आधी.

आता नावेची बाजू. प्रेमकादंबरीवर माझा एकच मोठा आक्षेप आहे. ती खातं उघडून देते आणि निघून जाते. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, अक्षता पडल्या, समाप्त. पुढची तीस-चाळीस वर्षं ते खातं चालवायचं कसं, यावर ती अवाक्षर काढत नाही. आणि अडचण तर तिथेच आहे.

बँकेत एक नियम आहे. बचत खात्यात खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ काहीच व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय धरतात. व्याज पडतच असतं. खातं निष्क्रिय झालं म्हणून ते थांबत नाही. पण व्याज हा खातेदाराचा व्यवहार मानत नाहीत. ते आपोआप पडतं. खातं जिवंत ठेवायचं तर खातेदाराने स्वतः येऊन काहीतरी करावं लागतं; शंभर रुपये भरले तरी चालतात. मला वाटतं, पुष्कळ संसारांचं असंच होतं. भाजी येते, गॅस येतो, आजारपणात सेवा होते, व्याज बिनचूक पडत राहतं. कुणाचा कुणावर राग नसतो. फक्त बऱ्याच वर्षांत कुणी स्वतः होऊन व्यवहार केलेला नसतो.

अशा खातेदाराला बँक पत्र पाठवते की, आपलं खातं आमच्याकडे आहे, शिल्लक आहे, कृपया येऊन भेटा. दहा वर्षं कुणीच फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण तरीही ती बुडत नाही, मागायला आलेल्या माणसाला परत मिळते. प्रेमकादंबरी म्हणजे मला असं एक पत्र वाटतं. छपाई सामान्य, मजकूर ठरावीक, हजारोंना एकच. वाङ्मय म्हणून त्या पत्राला कुणी पुरस्कार देणार नाही. पण ज्याच्या पत्त्यावर ते जातं त्याची शिल्लक खरी असते. समीक्षक मजकुराला हसतात, कारण पत्र त्यांच्या नावचं नसतं.

तेव्हा माझा अंतिम ताळेबंद असा : जिथे नायक ऐकतो ती कादंबरी, भाषा कितीही भरजरी असो वा बेताची, जमेला धरावी. जिथे नायिकेचं वाक्य तोडलं जातं, ती ज्ञानपीठवाल्याची असो की गादीखालची, तिच्याकडे जरा डोळे वटारून पाहावं. आणि जिथे तिचं 'नाही' कुणी मोजतच नाही, तिथे पुस्तक मिटावं. पान फाडू मात्र नये; वाचनालय दंड करतं.

हे माप मी लेजरात नोंदवून ठेवलं, आणि मंडळाने ते विनाचर्चा मंजूर केलं. क्लिअरिंगच्या मुलीने रविवारी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला चौथ्यांदा भेटायला बोलावलं आणि या वेळी बिल आपण भरणार असं बजावलं. निकाल तिने आम्हाला सांगितला नाही. सोमवारी ती नेहमीसारखी चेक लावत होती, एवढं मी पाहिलं. तात्यांनी मात्र सोमवारी डबा उघडायच्या आत लॉकरच्या बाईंना गाठलं. आवाज त्यांनी नको इतका खाली आणला होता.

"बाई, एक विचारू? मी काल घरी विचारून बघितलं. म्हटलं, तुझं काय म्हणणं आहे? आणि गप्प बसलो. ती बोलली. मग थांबली. मग पुन्हा बोलली. मला एक सांगा, उत्तर संपलं हे कळतं कसं?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बहुधा वीस वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

"ते पहिल्याच दिवशी नाही कळत, तात्या," त्या म्हणाल्या. "पुढचं पुस्तक घेऊन जा."